लिंबाच्या बागेतल्या लेकी

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा अळ्या जास्त होत्या. माणसं आम्ही सात: तात्या, आई, वसंतदादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. माझ्या थोरल्या दोघी बहिणी लग्न होऊन केव्हाच आपापल्या घरी गेल्या होत्या आणि त्यांची रिकामी झालेली पूर्वेकडची खोली मला मिळाली होती. त्या खोलीत तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं लिंबाचं रोप होतं, त्यावर जुनी मच्छरदाणी टाकलेली, आणि मच्छरदाणीत एकोणीस अळ्या. मी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. प्राणिशास्त्र म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तात्यांना ते गुरांच्या डॉक्टरीच्या जवळचं काहीतरी असावं असं वाटायचं, म्हणून त्यांनी हरकत घेतली नव्हती.

आमची वस्ती काटेवाडीच्या शिवारात, कालव्याच्या चारीला लागून. थोडा ऊस, चार संकरित गायी आणि उरलेल्या रानात कागदी लिंबाची बाग. बहर आला की लिंबाच्या फुलांचा वास अंथरुणापांघरुणालासुद्धा लागायचा. पहाटे धारेचा आवाज, मग डेअरीच्या गाडीत आपटणारे दुधाचे कॅन, मग कडबाकुट्टीची घरघर. वीज आली की विहिरीवरची मोटार सुरू व्हायची आणि दोन-चार मिनिटांनी पाटात पाणी खळाळायला लागायचं. त्यावर आईच्या भाकरी थापण्याचा ठेका. बाजरीची भाकरी, खरडा आणि मुरलेलं लिंबाचं लोणचं हे आमचं बारमाही जेवण. तात्या आत्याला भेटायला भिगवणला गेले, की येताना उजनीच्या पाण्यातला कटला घेऊन यायचे. आई मासा घरातल्या चुलीवर शिजू द्यायची नाही. त्यासाठी अंगणात तीन दगडांची वेगळी चूल होती आणि ती पेटवायची वहिनी. तिचं माहेर इंदापूरच्या पलीकडं, पाण्याच्या कडेला. मासा साफ करण्यात तिचा हात धरणारं आमच्या वस्तीवर कुणी नव्हतं.

वहिनीचं नाव कुसुम. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण तिला दोन मुली होत्या आणि मला अजून घरात पोरगीच म्हणत. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. ती फार बोलायची नाही. पण बघायची फार. कुठल्या गाईनं आज वैरण कमी खाल्ली, लोणच्याच्या कुठल्या बरणीला पाण्याचा हात लागला, सगळं इतरांच्या आधी तिच्या लक्षात यायचं आणि मग ती दोन शब्दांत सांगून मोकळी व्हायची. आज इतक्या वर्षांनी मागं वळून बघते, तेव्हा वाटतं, निरीक्षण करायला मी कॉलेजात शिकले असं मी सगळ्यांना सांगत आले, ते पुरतं खरं नाही.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी त्या वर्षी प्रत्येकाला एक काम दिलं होतं. कुठलाही एक कीटक अंड्यापासून वाढवायचा आणि रोज काय दिसलं ते वहीत लिहायचं. मुलांनी माशा आणि टोळ घेतले. मला मात्र बागेतलं काळं फुलपाखरू जवळचं वाटलं. त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी माळ असते आणि पंखाला खाली छोटं शेपूट. एका सकाळी वहिनी धुणं वाळत घालत होती. तिनं हाक मारली, "वन्सं, हिकडं या. हे काळं पाखरू शेंड्यावर अंडी घालतंय." मी बघितलं तर खरंच, ते कोवळ्या पालवीवर टेकायचं, पोट वाकवायचं, आणि मागं एक बारीक पिवळसर मणी राहायचा. वहिनीनं हातातलं ओलं फडकं अलगद त्याच्यावर टाकलं. अशी आमची ती फुलपाखरीण पकडली गेली. दोन दिवस ती मच्छरदाणीत राहिली, रोपावर आणखी अंडी घातली, आणि तिसऱ्या दिवशी मेली. मी तिला वहीच्या कागदाच्या घडीत ठेवून दिलं.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते ओट्यावर बसून चहा पीत होते. लिंबाच्या बागाइतदाराच्या घरात लिंबाची पानं खाणारी अळी पाळायची, म्हणजे उंदराला कणगीत जागा देण्यासारखंच.

"आमी औषध मारून मारायच्या, आन तू घरात पाळायच्या," ते म्हणाले. "मास्तर शाना हाय का तुजा?"

"हाय, तात्या."

"मंग बांधाकडचं शेवटचं झाड तुजं. त्याचा पाला तोड. त्या झाडावर औषध मारायचं न्हाय असं वसंताला सांगतो."

अळ्या आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसायच्या, काळपट-पांढऱ्या, ओंगळ. वहिनी म्हणाली, "कुणी खाऊ नये म्हणून घाणीचं सोंग घेतलंय." चार वेळा कात टाकल्यावर त्या हिरव्यागार झाल्या. बोट लावलं की डोक्यामागून तांबडं दुभंगलेलं शिंग बाहेर काढायच्या आणि खोलीभर उग्र वास सुटायचा. वहिनीच्या मुलींना तो खेळच झाला होता. मी कॉलेजात असताना ताजा पाला घालायचं काम वहिनी करायची. तिला तेव्हा दिवस गेले होते, तिसरा महिना होता. अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. पण लिंबाच्या पाल्यानं बरं वाटतं म्हणून ती त्या खोलीत येऊन बसायची. एकोणीसपैकी आठ अळ्या मेल्या. अकरा जणींनी कोष केले. स्वतःभोवती रेशमाचा एक धागा बांधून काडीला टेकून राहिलेले ते कोष बघून वहिनी म्हणाली होती, "झोळीत निजल्यागत दिसत्यात."

मी एके दिवशी कॉलेजातून आले, तर वहिनी दारातच उभी होती. "वन्सं, कायतरी गडबड झालीया," ती म्हणाली. मच्छरदाणीत तीन पाखरं बाहेर आली होती. दोन आईसारखी, काळी, पांढऱ्या माळेची. तिसऱ्याच्या मागच्या पंखांवर मात्र माळ नव्हती. तिथं मधोमध पांढरा डाग आणि कडेनं तांबडे ठिपके. मला वाटलं, बांधावर जे विषारी पाखरू दिसतं, कडू कीडामारीच्या वेलीवर वाढतं आणि ज्याला कुठलाच पक्षी तोंड लावत नाही, त्याची अळी पाल्याबरोबर चुकून आत आली असणार.

"त्यातलं न्हाय हे," वहिनी म्हणाली. "त्याचं अंगबी तांबडं असतं. ह्याचं बगा, अंग काळंच हाय. पंख तेवढं त्याच्यावानी."

मी भिंग लावून बघितलं. तिचं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात उरलेली आठ बाहेर आली. पोटाच्या टोकाला नराला दोन झडपा असतात, मादीला नसतात. ते बघून मी नर-मादी वेगळे केले. नर पाच आणि मादी सहा. पाचही नर मेलेल्या आईसारखे दिसत होते. आणि सहाही मादी, आईच्या पोटच्या लेकी, त्या परक्या विषारी पाखरासारख्या. एकही लेक आईसारखी नव्हती.

मी वही, कागदाच्या घडीतली आई आणि दोन लेकी घेऊन सरांकडं गेले. सर शांत माणूस, खादीचा सदरा, खिशाला शाईचा डाग. त्यांनी वही वाचली आणि हसले. "फुलपाखरांची ही आई ओळखण्यात तू चुकलीस," ते म्हणाले. "तू नर पकडलास. अंडी दुसऱ्याच मादीनं घातली असणार."

"सर, अंडी घालताना आम्ही दोघींनी बघितलंय. मच्छरदाणीतसुद्धा घातली तिनं."

"दोघींनी म्हणजे?"

"मी आणि माझ्या वहिनीनं."

त्यांनी घडी उघडली, मेलेलं पाखरू भिंगाखाली धरलं आणि कितीतरी वेळ डोळा उचलला नाही. मग म्हणाले, "मादीच आहे. चूक माझी." हे वाक्य एखाद्या शिक्षकाच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतर तीस वर्षं वर्गात शिकवताना, माझी चूक दिसली की मी ते मुद्दाम उच्चारत आले.

त्या दुपारी सरांनी फळ्यावर मला जे समजावून सांगितलं, ते मी जमेल तितकं साधं करून लिहिते. ह्या फुलपाखराचे नर सगळे एकसारखे. माद्या मात्र वेगवेगळ्या रूपांच्या: काही नरासारख्या साध्या, काही विषारी पाखराचं सोंग घेतलेल्या. हे सोंग आईबापांकडून मिळणाऱ्या गुणावर ठरतं. दोघांपैकी एकाकडून जरी सोंगाचा गुण आला, तरी लेक सोंगाची होते. आता आई तर साधीच होती, म्हणजे तिच्यात तो गुण नव्हता. "मग तो आला कुठून?" सरांनी विचारलं आणि माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, "बापाकडून." पण बाप तर साधा काळाच असणार, सगळे नर तसेच असतात. "तेच," सर म्हणाले. "नराच्या अंगात तो गुण असतो, पण नराच्या पंखावर तो कधीच उमटत नाही. आयुष्यभर तो लपवून वागवतो. लेक झाली की तिच्या पंखावर तो दिसतो."

एसटीत बसून घरी येताना मी हाच विचार करत होते. बाप कोण होता, कुठल्या बागेतला होता, आम्ही त्याला कधी बघितलंही नव्हतं. आणि त्याचा लपलेला रंग सहा लेकींच्या पंखांवर उघडा पडला होता. तात्यांना कधी कविता म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं, पुस्तक हातात घेतलेलं बघितलं नव्हतं. माझ्यात वाचायची, शोधायची जी ओढ आहे ती त्यांच्याकडून आली असेल आणि त्यांनाही ते माहीत नसेल, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आता निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी अधूनमधून काही वाचायला पाठवतात. अलीकडं ह्या फुलपाखराचं कोडं बरंच उलगडलं आहे. नराचं शरीर नरासारखं आणि मादीचं मादीसारखं घडवणारा जो गुणसूत्रावरचा एक जुना जनुक आहे, तोच ह्या सोंगाचंही काम करतो. त्याची एक तऱ्हा मादीत आली की पंखाची नक्षी बदलते. तीच तऱ्हा नरात आली तर काहीच होत नाही. सोंग फक्त मादीनंच का घ्यावं, ह्याची मात्र अजून चर्चा चालू आहे. कुणी म्हणतं, अंड्यांनी जड झालेली मादी झाडाशी रेंगाळते, तिला पक्ष्यांचं भय जास्त. कुणी म्हणतं, नरानं रूप बदललं तर माद्या त्याला ओळखणार नाहीत, म्हणून तो जुनंच रूप धरून बसला आहे. आणि सोंग फार जणींनी घेतलं तर पक्षी फसायचे थांबतात, म्हणून साध्या माद्याही टिकून राहतात. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की साधी आणि सोंगाची, दोन्ही एकाच बागेत वर्षानुवर्षं नांदतात. निसर्गानं अजून एकीच्या बाजूनं निकाल दिलेला नाही.

त्याच दुपारी सरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. माणसात अपत्य मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. आईकडून येतं ते नेहमी एकाच जातीचं. फुलपाखरांत आणि पक्ष्यांत ह्याच्या बरोबर उलट; तिथं आईकडून ठरतं. पुस्तकात हे वाक्य मी आधीही वाचलेलं असणार. पण घरात वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेलेले असताना ते पहिल्यांदाच कानात शिरलं.

कारण आईनं ठरवलं होतं. एका मोठ्या गावातल्या डॉक्टरकडं पोटातलं बघायचं यंत्र आलं होतं. शेजारच्या वस्तीवरच्या दोघी जाऊन आल्या होत्या. त्यातल्या एकीचं पुढं काय झालं ते कुणी उघड बोलत नव्हतं. ती पंधरा दिवस माहेरी होती आणि परत आल्यावर पोट नव्हतं. आता त्याला कायद्यानं बंदी आहे. तेव्हा माणसं त्याविषयी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेइतकं सहज बोलायची. आई वाईट नव्हती. दोन मुलींवर वसंतदादा होईपर्यंत तिनं स्वतः सासूची बोलणी खाल्ली होती आणि तेच वहिनीच्या वाट्याला येऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्या मनात ही सुनेची सुटकाच होती. वहिनीला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तात्या भिगवणहून कटला घेऊन आले होते. आई म्हणाली, "गुरुवारी कुसुमला घिऊन जायचंय. वसंता, तू एक दिस बागेचं काम ठेव. दोन पोरी झाल्या तिला. तिसऱ्या खेपंला बगून घ्यावं."

वहिनी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. तीच मला सहन झाली नाही, ती न थांबलेली पळी. मी म्हणाले, "आई, मुली झाल्या त्यात वहिनीचं काही नाही. पोरगा का पोरगी हे बापाकडून ठरतं. दादामुळं मुली झाल्यात. आमच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलंय."

मी थांबायला हवं होतं. पण मी वीस वर्षांची होते आणि बरोबर होते. मी पुढं म्हणाले, "कुणाला न्यायचंच असेल डॉक्टरकडं, तर दादाला न्या."

दादा ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच राहिली. हात धुतला, टोपी घातली आणि बागेकडं निघून गेला. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "शिकीवलं ते ह्याच्यासाठी व्हय?" तात्यांनी जेवण पुरं केलं. वहिनीनं दादाचं ताट उचललं, वर दुसरं ताट झाकलं आणि बाजूला ठेवलं.

मला वाटत होतं, वहिनीला बरं वाटलं असेल. इतकी वर्षं तिच्यावर येणारं बोट मी दुसरीकडं वळवलं होतं. दुपारी ती खोलीत आली. मच्छरदाणीत तेव्हा दुसरी खेप वाढत होती. बांधाच्या झाडावरून आणलेल्या अळ्या. ती त्यांच्यापाशी बसली आणि म्हणाली, "वन्सं, म्हंजे आता ह्यांचा दोष म्हणायचा का?"

"तुझा नाही, एवढं तर खरं ना?"

"आन फुलपाखरात?"

"तिथं आईकडून ठरतं."

"मंग तिथं पुन्यांदा आईचाच दोष." ती हे चिडून म्हणाली नाही. हिशेब जुळतो का बघावं तसं म्हणाली. "ती सहा लेकींची आई मेली, तवा तिला कुणी काय म्हणलं न्हाय. तुमी वहीत लिवलं, नर पाच, मादी सहा. दोषाचं कायच लिवलं न्हाय."

ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "दोष कुनाचा हे ठरवाया कशाला पायजे? आधी झालंय काय वंगाळ, ते तरी सांगा मला. माज्या रंजनात आन सुरेखात काय वंगाळ हाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही फळ्यावर काढलेलं नव्हतं. मी आयुष्यात अनेक वर्गांत ते गुणसूत्रांचं कोष्टक काढलं. प्रत्येक वेळी एखादी मुलगी पुढच्या बाकावरून खुशीत म्हणायची, "म्हणजे पुरुषांमुळं होतं!" आणि प्रत्येक वेळी मला पुढं वहिनीचं वाक्य सांगावं लागायचं.

मंगळवारी मी कॉलेजातून आले तर मच्छरदाणीतल्या सगळ्या अळ्या मरून पडल्या होत्या. काळ्या, आखडलेल्या. वहिनीनं सकाळीच बांधाच्या झाडाचा ताजा पाला घातला होता. पानं हुंगली तर औषधाचा वास. मी तशीच बागेत गेले. दादा पंप धूत होता.

"माझ्या झाडावर औषध मारलंस?"

"सगळ्या बागंवर मारलं. लक्षात न्हाय राहिलं."

"खोटं बोलतोस."

त्यानं पंप खाली ठेवला. दादा दिसायला तात्यांसारखा, रुंद, पण बोलणं नेहमी आत ठेवणारा. त्याचे डोळे लाल झाले होते, औषधानं की कशानं मला कळलं नाही. तो म्हणाला, "चार मानसांत तू मला म्हणालीस, ह्याला डॉक्टरकडं न्या. मला पोरी नकोत असं मी कदी म्हणलोय? सांग. रंजनाला खांद्यावर घिऊन मीच हिंडतो का न्हाय बाजारात?"

"म्हणला नाहीस," मी म्हणाले. "पण वहिनीला नेऊ नका असंही तू म्हणला नाहीस. आई बोलली तेव्हा तू भाकरी मोडत होतास."

तो लिंबाच्या खोडाला पाठ टेकून खाली बसला. मीही बसले. चारीला पाणी चाललेलं होतं. मी म्हणाले, "रविवारी मी बोलले ते खरं होतं, पण बोलायला नको होतं तसं. तुझा दोष नाही. कुणाचाच नाही. वहिनीनंच सांगितलं मला ते."

"काय म्हणली ती?"

मी त्याला वहिनीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. उठताना तो म्हणाला, "तुज्या झाडाचं मी मुद्दाम केलं. चुकलं माजं."

गुरुवारी सकाळी आईनं इरकली लुगडं नेसलं, पिशवीत दशम्या बांधल्या. एसटी फाट्यावर आठला यायची. वहिनी न्हाणीघरापाशी रंजनाची वेणी घालत होती, अंगात रोजचं घरातलं पातळ.

"अजून आवरलं न्हाय व्हय गं?" आई म्हणाली.

"मी यायची न्हाय, आत्याबाई."

आईला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. वहिनीनं वेणीला रिबीन बांधली, रंजनाला बाजूला सारलं आणि उभी राहिली. "जे हाय ते माजं हाय," ती म्हणाली. "पोरगा आसंल तरी मी यायची न्हाय, पोरगी आसंल तरी न्हाय. तुमास्नी राग यील. पर मी यायची न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता, हात मात्र पदराचं टोक घट्ट धरून होते.

आई दादाकडं वळली. "वसंता, तू सांग तिला."

दादा गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभा होता. तात्या ओट्यावर. मी खोलीच्या उंबऱ्यात. त्या क्षणी मला वाटलं, हा पुन्हा गप्प बसला तर संपलं. त्यानं पाटी खाली ठेवली. "ऱ्हाऊ दे, आई," तो म्हणाला. "लुगडं बदल. जायचं न्हाय." एवढंच. मोठं भाषण त्याला जमलं नसतं, आणि त्याची गरजही पडली नाही. आई पिशवी घेऊन आत गेली आणि त्या दिवशी दशम्या कुणालाच वाढल्या नाहीत. दुपारी तात्यांनी स्वतः पिशवी सोडून दोन खाल्ल्या.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. आई वहिनीशी कामापुरतंच बोलायची आणि माझ्याशी तेवढंही नाही. बाळंतपणाला वहिनी माहेरी गेली नाही. तिथं वडील आजारी होते, म्हणून आमच्याकडंच राहिली. मुलगी झाली. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपुढं होती. ती उठली नाही, पाणी तापवत राहिली. चार दिवस तिनं बाळंतिणीचं सगळं केलं, डिंक, खोबरं, शेपूची भाजी, शेक-शेगडी. पण बाळाला हात लावला नाही. न्हाऊ घालायला शेजारची काकू यायची.

पाचव्या दिवशी सकाळपासून पोर रडायला लागली, ती थांबेना. पोट गच्च झालं होतं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मला काही सुचत नव्हतं, आणि शेजारची काकू बाजाराला गेली होती. दारात आई येऊन उभी राहिली. एकदा वहिनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तुमाला काय येतंय का?" म्हणाली आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून घेऊन आली. मांडी घालून बसली, पोरीला पायांवर घेतलं, पोटाला हिंगाचं पाणी लावलं, पुरचुंडीनं हळूहळू शेकत राहिली. तिचे ते जुने, सवयीचे हात. रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. पोरगी डोळे उघडून तिच्याकडं टक लावून बघत राहिली.

मग कधी नव्हे ते वहिनीनं तिला आपणहून विचारलं, "आत्याबाई, कुनावर गेलीया ओ?"

आई बराच वेळ त्या तोंडाकडं बघत होती. नाक, कपाळ, हनुवटी, एकेक करून बघितली.

"कुनावर न्हाय," ती म्हणाली. "तिची तिच्यावरच गेलीया." आणि पदरानं तिचं तोंड पुसून तिनं तिला खांद्यावर घेतलं.